तेरावा दिवस, ३ मे २०२० : टाळेबंदीतल्या एका सुतकाचा अभ्यास

हे प्रकरण इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. २१ एप्रिल २०२० ला पहाटे या घरातले आजोबा गेले. वय ८२, कारण हृदयविकार. कोविडशी त्यांच्या मृत्यूचा संबंध नव्हता. तरीही त्यांच्या मागे घरात जे तेरा दिवस गेले, ते टाळेबंदी नसती तर तसे गेले नसते. मी समाजकार्य शिकवत असे, आता निवृत्त आहे आणि याच वसाहतीत राहते. घरच्यांच्या परवानगीने ही नोंद लिहिते आहे. नावं नकोत असं त्यांनी सांगितलं, म्हणून सगळ्यांची ओळख नात्यांनीच ठेवली आहे.

टाळेबंदीने कुटुंबं जवळ आली, असं त्या काळाबद्दल फार बोललं गेलं. काही घरांत तसं झालंही असेल. या घरात मला दिसलं ते वेगळं आहे. घर घरातल्या माणसांवर चालतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते येणाऱ्या-जाणाऱ्यांवरही तेवढंच चालत असतं. ती माणसं यायची थांबली की दुःखाचंसुद्धा काम होऊन बसतं, आणि ते काम कुणातरी एका-दोघींच्या अंगावर पडतं.

घर आणि त्याचा हिशेब

घरात सहा माणसं. आजोबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, आजी ७६ वर्षांच्या. धाकटा मुलगा पीथमपूरच्या एका कारखान्यात, सून खासगी शाळेत गणित शिकवते. नात देवी अहिल्या विश्वविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, नातू आठवीत. थोरला मुलगा पिंपरी-चिंचवडला, मुलगी बडोद्याला.

इंदूर, पुणे, बडोदा हा त्रिकोण आमच्याकडच्या कितीतरी मराठी घरांचा आहे. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेली घरं, पण लग्नं आणि नोकऱ्या या गावांत वाटल्या गेलेल्या. रात्रीची गाडी धरली की सकाळी माणूस दारात, या भरवशावर म्हातारी माणसं इंदुरात मागे राहतात आणि मुलं निर्धास्त असतात. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या आणि हा भरवसाच उरला नाही.

आजोबांचा दिवस घराबाहेर जास्त जायचा. सकाळी फिरणं, मग कोपऱ्यावर पोहे, मंदिराच्या ओटल्यावर वर्तमानपत्र, संध्याकाळी तिथेच पुन्हा चार समवयस्क. आजींचं भजनी मंडळ गुरुवारी. दोघं एकमेकांच्या वाट्याला तासभर यायची, आणि ५४ वर्षांचा संसार त्या तासावर छान चालला होता. टाळेबंदीत दोघांना दिवसभर समोरासमोर बसावं लागलं. सून सांगते, पहिले दहा दिवस आजी चिडचिड करत होत्या. पुढे मात्र आजोबा त्यांना पेपरातलं वाचून दाखवू लागले, पेपर बंद झाला तेव्हा मोबाईलवरचं. मागे वळून पाहताना आजी हा महिना फार जपून सांगतात.

२५ मार्चला पाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. गाठी राजवाड्याजवळच्या बाजारातून आणायच्या राहून गेल्या होत्या. सुनेने घरातल्या बत्ताशांची माळ ओवून गुढीला घातली. पाच दिवसांनी, ३० मार्चपासून, इंदुरात त्याहून कडक बंदी आली. किराणा, भाजी, पेट्रोल सगळं बंद. पुढे महापालिकेने घरपोच किराण्याची सोय केली: कचरागाडीवरच्या माणसांकडे यादी द्यायची, वॉर्डातला दुकानदार सामान पाठवायचा. स्वच्छतेसाठी शहराने जी गाडी दारोदार नेऊन बसवली होती, तीच त्या दिवसांत जेवणाची दोरी झाली. पण यादीतलं सगळं मिळत नसे, आणि भाजी म्हणजे बटाटे-कांदे.

कामाच्या मावशी २४ मार्चनंतर आल्या नाहीत. सून त्यांचा पगार त्यांच्या मुलाच्या खात्यावर टाकत राहिली. धाकट्या मुलाचा कारखाना बंद, त्यामुळे भांडी त्याने घेतली. नात केर-फरशी, नातू कपडे वाळत घालणं. एप्रिलच्या मध्यापर्यंत या घराने आपली घडी बसवली होती, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या तेरा दिवसांत नेमकी हीच घडी विस्कटली.

२१ एप्रिल

दोन दिवस आजोबांना धाप लागत होती. एरवी अशा वेळी ओळखीचे डॉक्टर घरी येऊन गेले असते. पण ९ एप्रिलला इंदूरमधल्याच एका डॉक्टरांचा कोविडने मृत्यू झाला होता. देशातल्या डॉक्टरांमधला तो पहिला मृत्यू म्हणून बातम्यांत आला. गल्लोगल्लीचे दवाखाने बंद पडले होते आणि उघडे होते तिथे धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला तपासायला कुणी तयार होत नव्हतं. आजोबांच्या जुन्या हृदयविकाराचे कागद ज्या डॉक्टरांकडे होते, त्यांनी फोनवर औषध बदलून दिलं. मंगळवारी पहाटे चारच्या सुमाराला आजोबांनी पाणी मागितलं, आजींना नावाने हाक मारली, आणि संपलं.

मृत्यूचा दाखला मिळवण्यात सकाळ गेली. तेच डॉक्टर अखेर मास्क, हातमोजे घालून आले, जुने कागद पाहिले आणि सही केली. तेवढ्या वेळात गल्लीत बातमी पसरली होती, आणि बातमीत 'धाप' हा शब्द होता. समोरच्या घरांच्या खिडक्या एकामागून एक लागल्या. मी त्या घरांना दोष देत नाही. त्या आठवड्यात शहरातल्या रुग्णांचा आकडा हजाराकडे चालला होता, आणि एका घरात रुग्ण निघाला की सगळ्या गल्लीला बांबू बांधले जात होते. लोकांना मरणाइतकीच त्या बांबूंची भीती होती.

अंत्ययात्रेला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत असा सरकारी नियम होता. इथे वीस कुठून येणार? मुलगा, नातू, शेजारचे दोघं. तिरडी बांधता येणारे एक काका तीन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी फोनवर सांगितलं आणि मुलाने बांधली. चौथा खांदा नातीने दिला. हे ठरवून केलेलं बंड नव्हतं. नातू तेरा वर्षांचा, त्याचा खांदा पुरेना, आणि नात पुढे झाली. आजींनी फक्त एवढंच विचारलं, "तुला झेपेल का ग?" शववाहनापर्यंत खांद्यावर, पुढे गाडीतून. मुक्तिधामात ती अग्नी देईपर्यंत उभी होती. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, असं त्या दिवशी कुणी तोंडातून काढलं नाही. म्हणणारं कुणी हजरच नव्हतं.

अस्थी दुसऱ्या दिवशी गोळा केल्या. एरवी त्या ओंकारेश्वरला किंवा खेडीघाटला नर्मदेत नाहीतर उज्जैनला क्षिप्रेत गेल्या असत्या. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास हवा. कलश नाव लिहून मुक्तिधामातच ठेवला. तिथे आधीच ठेवलेल्या कलशांची रांग होती, असं नात सांगते.

ओटल्यावरचा डबा

सुतकाच्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. पुढचे काही दिवसही कुणी ना कुणी काही आणून ठेवतं. त्या मंगळवारी दुपारी तीनपर्यंत या घरात कुणाचा डबा आला नाही. नातवाने बिस्किटं खाल्ली. सून उठून कणीक मळायला बसली.

शेवटच्या घरात एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. मूळच्या मालवी घरातल्या, मराठी कळतं, बोलतात हिंदी. त्या दुपारी मास्क लावून सरळ घरात शिरल्या. आजींची नाडी बघितली, प्रत्येकाचा ताप मोजला, दाखला मागून वाचला, आणि बाहेर येऊन ओटल्यावर उभं राहून मोठ्याने म्हणाल्या, "हार्ट से गए हैं बाबूजी. मैंने देखा है कागज़. खाना कौन भेज रहा है?" तासाभरात दोन डबे आले.

कागद तोच होता, सकाळपासून घरात होता. पण मुलाने सांगून जे कुणी मानलं नसतं, ते सिस्टरने सांगितलेलं मानलं गेलं, कारण त्या स्वतः आत जाऊन आल्या होत्या. त्या काळात फोनवर माहितीचा पूर आला होता आणि त्यातली कुठलीही माहिती एका गल्लीला धीर देऊ शकत नव्हती. त्या एका बाईच्या आत जाण्याने तो मिळाला. भीतीच्या दिवसांत वस्तीचं काय करायचं असा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी हेच प्रसंग घेऊन सांगते: विश्वासाचं माणूस कोण ते आधी शोधा, पत्रकं नंतर छापा.

त्या रात्री बायकांच्या भिशीच्या गटावर पाळी ठरली. रोज एक घर दुपारचा डबा देईल, एक घर रात्रीचा. डबा ओटल्यावर ठेवायचा, हाक मारून मागे व्हायचं. भांडी परत करायची नाहीत, तेराव्यानंतर एकदम. पदार्थ कोणता हे विचारायचं नाही, कारण कुणाच्या घरात काय शिल्लक आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. बहुतेक दिवस बेसन, मुगाची खिचडी, बटाट्याचा रस्सा. एका घराने, त्यांच्याकडेही डाळ संपत आलेली असताना, वरण पाठवलं होतं. ते सुनेला पुढे कित्येक महिन्यांनी कळलं.

फोन

जेवणाची सोय लागली. समाचाराची लागली नाही, आणि या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

समाचाराला माणसं येतात तेव्हा बोलत कोण असतं? आलेली बाई आजींजवळ जाऊन बसते, हात धरते. 'कसं झालं?' हे ती आजींना विचारत नाही. पाणी प्यायला आत जाते तेव्हा सुनेला विचारते. पुरुष ओटल्यावर मुलाला विचारतात. दुपारी आलेली मावससासू सकाळी ऐकलेलं संध्याकाळच्या पाहुण्यांना सांगते. सांगणारी तोंडं बदलत राहतात, आणि जिचं माणूस गेलं ती मध्ये नुसती बसून असते. तिने एक शब्द बोलला नाही तरी कुणाला खुपत नाही. मध्येच कुणी वेगळाच विषय काढतं, लग्नाचा, पावसाचा, आणि ती जरा वेळ त्यातही रमते.

फोनवर गप्प बसता येत नाही. पलीकडून 'हॅलो, ऐकू येतंय ना?' होतं. आणि फोन येत होते सकाळी सातपासून: पुणे, बडोदा, ग्वाल्हेर, देवास, आणि रात्री परदेशातले. प्रत्येकाला आजींशीच बोलायचं होतं, कारण भेटायला येता येत नाही याची बोच प्रत्येकाला होती. प्रत्येकजण मनापासून विचारत होता आणि तेच विचारत होता. आजी प्रत्येक वेळी पहाटे चारपासून सुरू करायच्या. पाणी मागितलं, हाक मारली.

चौथ्या दिवशी सुनेच्या लक्षात आलं की आजींनी सांगण्यातून हाक गाळली आहे. 'पाणी मागितलं आणि गेले' एवढंच सांगतात. पाचव्या दिवशी त्यांनी वाजणारा फोन उचलून नातीच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सून तोपर्यंत दुसऱ्याच ओझ्याखाली होती. मुलगा क्रियेला बसलेला, त्यामुळे त्याच्यावर शिवाशिवीचे निर्बंध. महिनाभर त्याने सांभाळलेली भांडी पुन्हा तिच्याकडे आली, निम्मी नातवाने उचलली. शाळेचे ऑनलाइन वर्ग नुकतेच सुरू झाले होते. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर ती परत शिकवायला बसली, स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल पुस्तकांवर टेकवून. मुलांचे पालक वर्ग संपल्यावर शंका विचारायला फोन करत. रात्री आजींना झोप नाही, म्हणून ती त्यांच्याजवळ झोपे, म्हणजे जागी राही. आठव्या दिवशी वर्ग चालू असताना तिला बोलताच येईना. शब्द सुचेनात. मुख्याध्यापिकेने पडद्यावर ते पाहिलं आणि तिला आठवडाभराची रजा दिली. एरवी या घरात पहिल्या दिवशीच बडोद्याहून नणंद आली असती, पुण्याहून जाऊबाई आल्या असत्या, आणि सुनेला दुपारी दोन तास कुणीतरी दार लोटून झोपवलं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला पाहुण्यांचा गोतावळा म्हणजे सुनेवर कामाचा भार वाटतो. काही घरांत तो असतोही. या घरात तो तिचा आधार होता, आणि नसल्यावर तो दिसला.

नातीने मार्ग काढला. फोन बंद ठेवावा असं तिच्या वडिलांचं म्हणणं होतं. मग लोकांना काळजी वाटणार, आणि आजींना पुढे कुणी विचारलंच नाही असंही वाटणार, म्हणून तिने ते मानलं नाही. सगळे फोन आईने घ्यावेत तर आई कोसळण्याच्या बेतात. तिने नातेवाइकांच्या गटावर एक निरोप टाकला. मी तो पाहिला आहे. चार ओळींचा आहे. आजी दुपारी चार ते पाच फोनवर असेल. काय झालं, कसं झालं ते मी खाली लिहिलं आहे, तिला विचारू नका. आजोबांची एखादी आठवण असेल तर तिला सांगा. ती बोलली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

सहावा दिवस अक्षय्य तृतीयेचा होता, २६ एप्रिल. त्या दुपारी पहिला फोन विद्युत मंडळातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा आला. १९८४ साली पावसात खांबावरची तार तुटली तेव्हा आजोबा रात्रभर कसे उभे होते, ते त्यांनी सांगितलं. आजींना ही गोष्ट माहीत नव्हती. त्या रात्री ते उशिरा का आले यावरून आपण भांडलो होतो, असं त्या नंतर नातीला म्हणाल्या. फोन स्पीकरवर असे, आजी पडून ऐकत. कधी हुंकार देत, कधी तेही नाही. हळूहळू त्या चारची वाट पाहू लागल्या.

या उपायाचं कौतुक मी करते, आणि त्याची मर्यादाही लिहिते. फोनवर कुणी हात धरू शकत नाही. आजी त्या तेरा दिवसांत एकदाही मोकळेपणी रडल्या नाहीत, आणि सून त्याचं कारण एवढंच देते की ज्यांच्या गळ्यात पडून त्या रडल्या असत्या त्या दोन बायका, धाकटी बहीण आणि लेक, समोर नव्हत्या.

लेकीचं तर वेगळंच झालं. बडोद्याला ती ज्या इमारतीत राहते तिथे कुणाला कळलंच नाही. दारात गर्दी नाही, गाडी बाहेर निघाली नाही, ती गावी गेली नाही, कळायचं कसं? चौथ्या दिवशी दूध घेताना शेजारीण हसून बोलली आणि तिने हसून उत्तर दिलं. वडील गेल्याचं तिने त्या इमारतीत पहिल्यांदा जुलैमध्ये सांगितलं.

दहावा, आणि ३ मे

दहावा गच्चीवर झाला. गुरुजी आपल्या घरून व्हिडिओ कॉलवर. दर्भ आणि तीळ घरात होते. काळे तीळ थोडे कमी पडले, ते सिस्टरकडून आले. नातीने फोन धरला होता, दुसऱ्या फोनवर पुण्याचे थोरले. कावळा लगेच शिवला. ठेले आणि हॉटेलं बंद असल्याने पाखरंही उपाशी आहेत, असं मुलगा खाली आल्यावर म्हणाला. आजींनी ते ऐकलं नाहीसं केलं.

खरा वाद तेराव्याचा. २१ एप्रिलपासून तेरावा दिवस ३ मे येत होता, आणि टाळेबंदीचा दुसरा टप्पाही ३ मेपर्यंतच होता. थोरल्यांनी पहिल्या दिवसापासून हेच धरून ठेवलं होतं: तीनला उघडेल, चारला मी निघेन, तेरावा दोन दिवस पुढे करू. मृत्यूसाठी प्रवासाचा पास मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. अर्ज केला होता, तो एकदा फेटाळला गेला, दुसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा नववा दिवस होता. पण पुणे आणि इंदूर दोन्ही रेड झोनमध्ये. आल्यावर चौदा दिवस विलगीकरण, तेही बहुधा त्याच घरात, ७६ वर्षांच्या आईबरोबर. ते निघायला तयार होते. आजींनी नको म्हटलं. "तू आलास आणि मला काही झालं, तर ते तू आयुष्यभर धरून बसशील. येऊ नको."

१ मेला संध्याकाळी टाळेबंदी १७ मेपर्यंत वाढल्याचा आदेश आला. त्या रात्री दोघा भावांचा फोन फार वाईट झाला. थोरल्यांचं म्हणणं, सतराला तरी उघडेल, सगळं सतरानंतर करू. धाकट्यांचं म्हणणं, मी अकरा दिवस जमिनीवर झोपलोय, मला यातून उठू दे. दोघंही खरं बोलत होते. निर्णय पुन्हा आजींनी केला: तेरावा तेराव्यालाच.

३ मेला सकाळी विधी, घरातल्या पाच माणसांचं गोडाचं जेवण. शेवया होत्या, दूध होतं, खीर केली. संध्याकाळी सगळ्यांची व्हिडिओ बैठक. आजींच्या मंडळातल्या बायकांनी भजन म्हणायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. प्रत्येकीचा आवाज दुसरीपेक्षा अर्धा क्षण मागे पोचायचा, ताल धरायला कुणालाच काही हाती लागेना, आणि दुसऱ्या कडव्यात सगळ्या थांबल्या. शेवटी एकटीने म्हटलं, बाकीच्यांनी माईक बंद ठेवून ओठ हलवले. फुकटातल्या बैठकीची चाळीस मिनिटं संपली तेव्हा थोरले बोलत होते. पडदा बंद झाला. पुन्हा जोडेपर्यंत पाच मिनिटं गेली, आणि परत आल्यावर ते म्हणाले, "माझं झालं बोलून."

नंतर

थोरले जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या गाडीने आले. दोघं भाऊ, नात आणि तो कलश खेडीघाटला गेले. येताना गाडीत थोरल्यांनी विचारलं, आता मी आलोय तर दहावा-तेरावा पुन्हा एकदा रीतसर करू या का. धाकट्यांनी गाडी बाजूला घेतली. "मग मी केलं ते काय होतं?" पुढचे पाच महिने भाऊ एकमेकांशी आईच्या औषधांपलीकडे बोलले नाहीत. नातेवाईक हे भांडण पैशाचं किंवा घराच्या वाटणीचं समजतात. तसं ते नाही. एका भावाला केल्याचा शीण होता, दुसऱ्याला करता न आल्याचा, आणि दोन्ही शीण उतरवायला तेरा दिवस घरात बसलेली जी चार वडीलधारी माणसं लागतात, ती त्यांच्या वाट्याला आली नाहीत.

वर्षश्राद्ध तरी सगळ्यांनी मिळून करायचं, असं दिवाळीत ठरलं आणि भाऊ पुन्हा बोलू लागले. चैत्र वद्य चतुर्दशी २०२१ साली मे महिन्यात आली. तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती, इंदुरात कोरोना कर्फ्यू होता, आणि खंडवा रोडवरचा राधास्वामी सत्संगाचा परिसर कोविड केअर सेंटर झाला होता. वर्षश्राद्धही पाच माणसांतच झालं. यावेळी वाद झाला नाही. थोरल्यांनी पुण्याला त्याच वेळी आपल्या घरी पान वाढलं, आणि धाकट्यांनी गुरुजींना सांगून संकल्पात दोघांचं नाव घ्यायला लावलं.

घरातल्या कामाचं काय झालं हे मला हमखास विचारलं जातं. मावशी ऑगस्टमध्ये परत आल्या, भांडी त्यांच्याकडे गेली. मुलगा आता सकाळचा चहा आणि रात्रीची आवराआवर करतो. पूर्वी तेवढंही करत नसे. नातीने पुढे, दुसऱ्या लाटेत तिच्या मावशीचे यजमान गेले तेव्हा, पुन्हा खांदा दिला, आणि त्या वेळी माणसं कमी नव्हती. वसाहतीतले तेरावे मात्र लहान झाले ते लहानच राहिले आहेत. पाचशे माणसांच्या पंगतीचं कर्ज घेणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून मला हे फार बरं वाटतं. पण काही घरांनी त्याबरोबर समाचाराला येणंही बंद करून टाकलं, 'कृपया फोनवरच सांत्वन करावे' असं छापतात, त्याला माझा विरोध आहे. जेवायला येणारी माणसं आणि जवळ येऊन बसणारी माणसं यांत फरक आहे, आणि खर्च फक्त पहिल्यांचा होता.

गल्लीतली डब्याची पाळी आणि नातीचा चार ते पाचचा तास ही दोन्ही २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आणखी तीन घरांसाठी वापरली गेली. दोन घरांत ती उपयोगी पडली. तिसऱ्या घरात नवरा-बायको दोघंच, मुलगा कॅनडात. नवरा रुग्णालयात गेला तो परतला नाही, आणि बाई स्वतः पॉझिटिव्ह, घरात एकट्या. डबा ओटल्यावर जात होता आणि दोनदा तसाच परत आला. फोन धरायला, निरोप लिहायला, चारला स्पीकर लावायला त्या घरात नात नव्हती. तिसऱ्या दिवशी सिस्टर, तेव्हा लशीचे दोन्ही डोस झालेल्या, पुन्हा एकदा आत गेल्या आणि रात्री तिथेच बसून राहिल्या. त्यानंतर भिशीच्या गटात एक यादी झाली: वसाहतीत एकट्या किंवा दोघंच राहणाऱ्या घरांची, आणि प्रत्येक घरासमोर, गरज पडली तर कोण आत जाईल त्या व्यक्तीचं नाव. दर पाडव्याला ती वाचून दुरुस्त करतात. यंदा काही घरांसमोरची जागा रिकामी आहे, आणि गटातल्या बायका त्या घरांसाठी माणूस शोधत आहेत.